कुत्र्यासकट भाडेकरू

बीड शहरात मी जितक्या उंबऱ्यांवरून परत फिरलो, तितक्या उंबऱ्यांवर मतं मागणारेही गेले नसतील. फरक इतकाच, की त्यांना चहा मिळायचा आणि माझ्याबरोबर कुत्रं असायचं.

त्या दुष्काळात बिंदुसरेचं धरण असं आटलं होतं, की तळातल्या भेगेत एकाची चप्पल पडली ती दुसऱ्या गावच्या विहिरीत निघाली, असं मी सांगत असे आणि लोक ते ऐकूनही घेत. मी दूध संघात दुधाचं फॅट काढायच्या कामावर होतो. गुरांच्या कासा सुकल्या, दूध येईना, फॅट कशाचं काढणार? संघानं मला पालीच्या अलीकडं एका सहकारी सोसायटीनं उघडलेल्या चारा छावणीवर धाडलं. माळावर बांबूंचे मांडव, वर हिरव्या जाळ्या, खाली रांगेनं बांधलेली गुरं, आणि गुरांशेजारी खाटा टाकून राहिलेली त्यांची माणसं. मी तिथं चाऱ्याच्या वाटपावर उभा राहायचो आणि बाकीचा वेळ बोलायचो.

छावणीत गाय, बैल, म्हैस घेत. मेंढराला मनाई होती. तरी एक धनगर नवराबायको आपली मेंढरं घेऊन कुंपणाला टेकून बसले होते. गुरांच्या तोंडून गळलेलं उसाचं पाचट, वाढं कुंपणापलीकडं जाईल ते त्यांचं. पुढं गुरांच्या तोंडून काही गळेनासं झालं, तेव्हा त्यांनी ठरवलं, उमापूरकडं गोदावरीच्या काठाला उतरायचं. अडचण कुत्र्याची होती. टँकरच्या चाकाखाली त्याच्या पुढच्या पायाची बोटं सापडली होती. ते तीन पायांवर चालायचं, आणि उमापूर तीन पायांचं गाव नव्हतं.

चहाच्या टपरीवर चार माणसांसमोर मी म्हणून गेलो, "ठेवा माझ्याकडं. वाघासारखं सांभाळतो." माझं बोलणं असंच असतं. ऐकणारे हसतात, चहा संपतो, विषय संपतो. धनगर हसला नाही. त्यानं कमरेची पिशवी सोडली, चिमूटभर भंडारा कुत्र्याच्या कपाळाला लावला, उरलेला माझ्या तळहातावर ठेवला आणि माझी मूठ आपल्या हातानं बंद केली.

"मिरग झाला, पाऊस पडला, की येतो," तो म्हणाला. "तवर हे तुमचं. भंडाऱ्यावर घेतलंय तुमी."

खंडोबाच्या भंडाऱ्यावर घेतलेलं माघारी देता येत नाही, टाकता येत नाही, हरवलं म्हणता येत नाही. मी ते कुत्रं सायकलच्या कॅरिअरवर बसवून घरी आणलं. उंचीला वासराएवढं. बायको म्हणते, शेळीएवढं. वासरू लहान असताना शेळीएवढंच असतं, हे मी तिला पुष्कळदा सांगितलं आहे.

बायकोनं कुत्र्याकडं नंतर बघितलं, आधी माझ्या पिवळ्या तळहाताकडं. "कुणाला काय कबूल करून आलाव?" तिनं विचारलं. मी सांगितलं. ती म्हणाली, "लग्नापासून तुमी दिलेला एक शब्द पुरा झालेला मला दाखवा. बाकीचे मी सोडले. हा खंडोबाचा हाय. हा मोडला तर मी माहेरी जाणार न्हाई, तुमालाच काढून देईन."

एवढं बोलून तिनं भाकरीचा तुकडा पाण्यात कुस्करून कुत्र्यापुढं ठेवला. त्या दिवसापासून घरात दोघंजण माझ्यावर नजर ठेवून राहायला लागले.

आम्ही राहायचो त्याच सोसायटीच्या एका संचालकाच्या घरामागं, दोन खोल्यांत. सुरुवातीला त्याची कुत्र्याबद्दल तक्रार नव्हती. पंजा भरला तसं कुत्रं माझ्याबरोबर छावणीवर यायला लागलं. रांगांतून फिरायचं, एकेका जनावराचा वास घ्यायचं, पुढं जायचं. मला वाटलं, वेळ घालवतंय. ते कामाला लागलं होतं.

छावणीची तपासणी असली की पहाटेच शेजारच्या छावणीतून गुरं हाकून आणायची आणि आमच्या रांगांत उभी करायची. त्यांची तपासणी आली की आमची गुरं तिकडं पाहुणी जायची. सहकार म्हणजे काय, ते मला तिथं समजलं. अशाच एका तपासणीला दावी कमी पडली म्हणून पाहुणी गुरं मोकळीच उभी होती. साहेबांची जीप फाटकात शिरली आणि आमच्या कुत्र्यानं हिशेब चुकता करायला घेतला. एक ना दोन, परक्या गावची सगळी गुरं त्यानं रांगांतून अशी वेचून काढली, जशी बायका तांदळातले खडे काढतात. भुंकलं नाही, चावलं नाही. सगळा कळप जीपच्या दोन्ही बाजूंनी काढून फाटकाबाहेर नेला आणि त्यांच्या गावाच्या वाटेला लावला.

"ही कुठं निघाली?" साहेबांनी विचारलं.

"पाण्यावर," संचालक म्हणाला.

साहेब कोरड्या धरणाकडं बघत राहिले. पुढचं मी ऐकलं नाही, कारण मी पेंडीच्या पोत्यांमागं होतो.

संध्याकाळी संचालक आमच्या दारात उभा. आवाज एकदम मऊ, म्हणजे जास्त वाईट. "अमावास्येच्या आत काय ते ठरव बे. कुत्रं सोड अन् खुशाल ऱ्हा. न्हाईतर कुत्र्यासंगं तू बी नीघ." नगरकडं जाणारा एक ट्रक त्याच्या ओळखीचा होता, ड्रायव्हर कुत्रं घाटात सोडून देईल, धनगराला सांगता येईल की पळून गेलं. त्यानं सगळी सोय करून ठेवली होती. मी बायकोकडं बघितलं. ती भांडी बांधायला लागली होती.

मग सुरू झालं फिरणं. छावणीवरून सुटलो की सायकल, आणि सायकलीभोवती गोल गोल कुत्रं. त्याला सरळ चालणं ठाऊकच नव्हतं. मी एका गल्लीतून जायचो तर ते माझ्याभोवती फेऱ्या मारत तीन गल्ल्यांतून जायचं. रात्री झोप लागली तरी पाय पायडल मारत असायचे, बायको माझ्या मांडीवर थाप मारून म्हणायची, थांबा, ब्रेक लावा.

एका घरमालकानं बाकी सगळं पसंत केलं आणि विचारलं, कुत्रं पाणी किती पितं. मी म्हणालो, पीतच नाही, पहाटे जीभ बाहेर काढून हवेतला ओलावा चाटतं, तेवढ्यावर भागतं. तो म्हणाला, मग आमच्या वाट्याचा ओलावा बी तेच खाईल. दार लागलं. दुसऱ्याला सांगितलं, हे साधं कुत्रं नाही, मेंढपाळाचं जातिवंत आहे, चोराला शर्टाच्या बटणावरून ओळखतं. त्यानं आपल्या शर्टाकडं बघितलं आणि त्याचंही दार लागलं. परळीला थर्मल वीजकेंद्राच्या बाजूला खोल्या ओस पडल्यात असं कुणी सांगितलं, म्हणून एका रविवारी ट्रकमागं बसून तिकडं गेलो. खोली मिळाली नाही, राख मिळाली. पांढरट कुत्रं परतताना असं करडं झालं होतं, की बायकोनं दारातच विचारलं, हे कुणाचं आणलंत.

एका साखर कारखान्याच्या वसाहतीत क्वार्टर रिकामी होती. ऊस सगळा छावण्यांत गेलेला, गाळप बंद, कामगार गावी गेलेले. फाटकावरचा रखवालदार म्हणाला, वसाहतीत जनावराला बंदी हाय, चेअरमन साहेबांचा हुकूम. त्याच्या पाठीमागं गेस्ट हाऊसच्या हिरवळीवर म्हशी रवंथ करत बसल्या होत्या. मी बोट दाखवलं. तो वळून न बघताच म्हणाला, "ती जनावरं न्हाईत. ती चेअरमन साहेबांची हायत."

शेवटी मी डोकं लढवलं. पेठेत एकाचं घर होतं, त्याचं कुलदैवत खंडोबा, घरात कुणी शिंकलं तरी येळकोट म्हणणारी माणसं. मी वाटेत भंडाऱ्याची पुडी घेतली, कुत्र्याचं कपाळ, कान, पाठ, सगळं पिवळं केलं आणि बेल वाजवली. मालक बाहेर आला आणि माझ्याकडं न बघता कुत्र्याच्या पाया पडला. आत हाक गेली. बाई दूधभाकरी घेऊन आली, सुना आल्या, शेजारीण आली, कुणी हळद वाहिली, कुणी आपलं लेकरू कुत्र्याच्या पायावर घातलं. मी मनात खोलीत पलंग कुठं टाकायचा ते ठरवत होतो. गर्दी ओसरल्यावर भाड्याचं बोललो, तर मालक दचकला.

"देवाचं कुत्रं घरात कसं ठेवावं? पोराबाळांचं घर, येताजाता कुणाचा पाय लागला म्हंजी?" मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "तुमी एकटे या. तुमाला पाय लागला तर काय न्हाई."

मी कुत्रं पुसून काढलं. भंडारा निघता निघत नाही. पुढच्या तीन गल्ल्यांत लोक लांबूनच हात जोडायचे आणि लांबूनच खोली नाही म्हणायचे.

अमावास्या अगदी तोंडावर आली तेव्हा बायको म्हणाली, उद्या मी येते, तुमी बोलायचं न्हाई.

शहराच्या कडेला एक गल्ली, तिच्या शेवटी एका विधवा बाईचं घर. गुडघ्यानं अधू, पण जीभ धडधाकट. नवरा जिनिंग सोसायटीत कारकून होता, त्यानं बांधलेल्या खोलीला कुलूप. गल्लीच्या तोंडाशी टँकर यायचा. कधी येईल त्याचा नेम नाही, म्हणून सकाळपासून घागरी, कळशा, डबे, ड्रम ओळीनं मांडून ठेवलेले. माणसं घरात, भांडी नंबरात. ज्याचं भांडं जिथं, त्याचा नंबर तिथं, हा कायदा सगळ्यांना मान्य, आणि तो सगळे मोडत. पाठ फिरली की घागरींना पाय फुटत. बाईचा ड्रम सकाळी पहिला असायचा आणि टँकर येईपर्यंत चालत चालत शेवटी जायचा.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. बायकोनं सगळं खरं सांगितलं, जे माझ्यानं कधी झालं नसतं. बाईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "माणसाला पाणी न्हाई पोरी, कुत्र्याला कुठून आणू?" बायको ओट्याच्या पायरीवर बसून राहिली. उठलीच नाही. मीही उभा राहिलो, आणि बोलायचं नसल्यामुळं घामाघूम झालो.

कुत्रं त्या भांड्यांच्या ओळीतून फिरत होतं. एकेका घागरीचा वास घेत ते एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला गेलं, मग परत आलं, आणि ओळीच्या कडेला मान पंजांवर टाकून बसलं. इतक्यात गल्लीतल्या पुढाऱ्याच्या घरचा गडी आला. रोजच्यासारखे त्यानं मालकाचे दोन ड्रम उचलले आणि सरळ पुढं निघाला. कुत्रं उठलं. त्याच्या आडवं गेलं. गडी डावीकडून गेला, कुत्रं डावीकडं. उजवीकडून गेला, उजवीकडं. दात दाखवले नाहीत, नुसतं अंगानं ढकलत ढकलत त्याला ड्रमांसकट जिथून उठला तिथं नेऊन उभं केलं. त्यानं ड्रम खाली ठेवले तेव्हा ते बसलं. एका कळशीला वाऱ्यानं लवंडून बाहेर घरंगळत नेलं, तर तिलाही नाकानं ढकलून ओळीत आणून लावलं.

बाईंनी गुडघा चोळायचं थांबवलं. "हे रोज असंच करतं?"

मी तोंड उघडलं. बायकोनं माझ्या पायावर पाय दिला. "रोज," ती म्हणाली.

"सामान कवा आणताव?" बाईंनी विचारलं, आणि लगेच बोट वर केलं. "पण ऐकून घे. टँकर हाय तवर कुत्रं. टँकर बंद, कुत्रं बंद. मला काय मेंढरं राखायची न्हाईत."

अमावास्येला आम्ही त्या खोलीत होतो. आणि पहिल्याच टँकरला गल्लीत दंगल व्हायची राहिली. टँकर आला, नळी सुटली, बायका धावल्या, आणि कुत्रं एकीलाही भांडं उचलू देईना. त्याच्या लेखी ती घागर तिची नव्हती, ओळीची होती. धनगर जिभेनं टाळूवर एक आवाज काढायचा, तो ऐकला की ते बाजूला व्हायचं. मला त्यानं तो आवाज शिकवला होता, पण माझ्या तोंडून मोटार बंद पडल्यासारखं काहीतरी यायचं. बायकोनं एकदा जीभ वळवली आणि कुत्रं मांजरासारखं भिंतीकडेला जाऊन बसलं. तेव्हापासून ती आल्याशिवाय गल्लीत टँकरची नळी सुटत नसे. मला इतकी वर्षं त्या शहरात कुणी ओळखत नव्हतं, आणि तिला ड्रायव्हर हॉर्न वाजवून विचारायचा, वहिनी आल्या का? पुढाऱ्याच्या घरून तिला खूश करायला वाटीभर आमरस आला. बाईंचा ड्रम पहिला असायचा तो पहिलाच भरायचा. त्या ओट्यावर बसून ते बघायच्या, जसं दुसरी माणसं नाटक बघतात.

सगळा जिल्हा आभाळाकडं बघत होता. मीही बघायचो, पण चोरासारखा. पाऊस पडला की टँकर बंद, टँकर बंद की कुत्रं रस्त्यावर. आणि पाऊस पडल्याशिवाय धनगर येणार नाही. दोघांतलं आधी कोण येतं, एवढाच माझा हिशेब. छावणीत लोक बोलायचे, पाऊस यंदा लवकर हाय, की मी मध्येच चारा वाटायला उठायचो. मृग कोरडा गेला. सगळ्यांची तोंडं उतरली आणि मी घरी येऊन बायकोला म्हणालो, बरं झालं. तिनं माझ्याकडं असं बघितलं, की मी बाहेर जाऊन मोठ्यानं म्हणालो, देवा, पाड रे.

तो आर्द्रात पडला. आणि पडला तो थांबेना. धरणात पाणी आलं, विहिरींत आलं, गल्लीत आलं. टँकर एक दिवस आला नाही, मग आलाच नाही. ओळ मोडली, घागरी घरोघर माजघरात गेल्या, आणि कुत्रं रिकाम्या गल्लीत येरझाऱ्या घालायला लागलं. त्याला चैन पडेना. मारुतीच्या देवळाबाहेरच्या चपला त्यानं एका ठिकाणी गोळा करून ठेवल्या, कुणाला घेऊ देईना. शेजारच्या कोंबड्या हाकून आमच्या मोरीत भरल्या. बाईंना भेटायला आलेल्या दोन व्याह्यांना त्यानं कोपऱ्यात असं दाबून धरलं, की ते पुढच्या दारानं आलेले मागच्या दारानं गेले.

बाईंनी दुसऱ्या दिवशी बायकोला बोलावलं. रागावल्या नव्हत्या. त्यांनी कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, "आता ह्याला काम न्हाई बाई. येत्या बाजारापर्यंत बगा कुठं."

मी सायकलीत हवा भरली. पुन्हा तेच उंबरे. पावसानं माणसं मऊ झाली असतील असं मला वाटलं होतं. आता ती म्हणायची, चिखलाचे पाय घेऊन घरभर फिरेल.

बाजाराच्या आदल्या दिवशी दुपारी गल्लीच्या तोंडाशी कालवा झाला. मेंढरं. गल्ली भिंतीपासून भिंतीपर्यंत लोकरीनं भरली. धनगर पुढं, त्याची बायको मागं, घोड्यावर बिऱ्हाड. छावणीच्या माळावर विचारत विचारत ते इथवर आले होते. धनगरानं मला नमस्कार केला. त्याच्या बायकोनं कुणाशी न बोलता आधी कुत्र्याचा पाय हातात घेतला आणि एकेक बोट दाबून बघितलं. कुत्रं डोळे मिटून उभं राहिलं.

"ठेवलंव म्हणायचं," धनगर म्हणाला. "वाटंत जो तो सांगत होता, त्या थापाड्याकडं दिलंय व्हय, आतापावतर इकून खाल्लं असंल."

"मी बी तेच म्हणत होते," माझी बायको म्हणाली. मला वाटतं, माझ्याबद्दल तिनं केलेलं ते सगळ्यात चांगलं भाषण.

फार थांबायला त्यांना सवड नव्हती. चहा झाला, धनगरानं आवाज दिला आणि मेंढरं वळली. कुत्रं वळलं नाही. ते आमच्या मागं आलं. बायकोच्या पोटरीला नाकानं ढकललं, ती एक पाऊल पुढं सरली, पुन्हा ढकललं. तिला मेंढरांत घातलं आणि माझ्याकडं आलं. बाईंनी ओट्यावरून हे बघितलं, गुडघ्याचं दुखणं विसरून त्या आत गेल्या आणि कडी लावली.

"ते तुमाला सोडणार न्हाई," धनगर म्हणाला. "त्याच्या लेखी तुमी कळपातले. चला जरा, पुढं गुंतलं की निघा."

म्हणून आम्ही मेंढरांबरोबर निघालो. भर दुपारी, बीडच्या रस्त्यानं, ज्यांनी ज्यांनी मला खोली नाही म्हटलं होतं त्यांच्या दारांवरून. ती सगळी दारं उघडी होती आणि दारांत माणसं होती. पेठेतल्या त्या खंडोबाच्या भक्तानं तर आम्हा दोघांनाही हात जोडले. मी एकदा कडेनं निसटायला बघितलं, कुत्र्यानं आणून आत घातलं. बायकोनं प्रयत्नच केला नाही. पदर खोचून ती मेंढरांच्या चालीनं चालत होती, शहर संपलं, शेतं लागली, ओल्या लोकरीचा वास नाकात भरला, तरी चालत होती.

"असं आमच्यासंगं लागलाव तर घर शोधायचंच न्हाई मग," धनगराची बायको तिला म्हणाली.

"तेच बरं वाटायलंय," माझी बायको म्हणाली. हसली नाही.

पुढं एका वळणावर एक कोकरू बांध ओलांडून शेतात पळालं. कुत्रं त्याच्या मागं गेलं. धनगर हळूच म्हणाला, "आता. मागं बगू नका." समोरून बीडकडं जाणारी एसटी येत होती. मी हात केला, बायकोला वर ढकललं, मी चढलो. आणि एसटी जाग्यावरच उभी, कारण रस्ता मेंढरांनी भरलेला. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, मेंढरं बसच्या दोन्ही अंगांनी घासत चाललीत.

खिडकीतून दिसलं, कुत्रं कोकरू घेऊन आलं. ते कळपाला लावलं. मग त्यानं कळपाभोवती एक फेरी मारली. थांबलं. दुसरी फेरी मारली, या वेळी हळू. मग नाक वर करून बसकडं तोंड केलं.

बायकोनं माझी मान धरून खाली दाबली आणि स्वतःही वाकली. आम्ही दोघं सीटखाली डोकी घालून बसलो. कंडक्टर आला. म्हणाला, काय पडलं?

"कानातलं," बायको म्हणाली. तिचा आवाज मला ओळखू आला नाही.

कंडक्टर वाकला. शेजारची बाई वाकली, मागचा म्हातारा वाकला, पुढच्यांनी पाय वर घेतले आणि तेही वाकले. दोन्ही कानांतली तिच्या कानांतच होती, तरी सगळी एसटी खाली बघून ती शोधत होती. बाहेर अजून मेंढरं पत्र्याला घासत होती. कुत्रं गेलं का, हे सांगायला वर मान असलेलं माणूस बसमध्ये एकही उरलं नव्हतं.